एकतीस नंबरचा रिपोर्ट

"उद्या साडेनऊला बोलावलंय," नवरा म्हणाला. तो आरशासमोर उभा राहून शर्टाची बटणं लावत होता, आणि बटणं लावताना तो नेहमी छताकडे बघतो तसा बघत होता. "तो तुझा रिपोर्ट पिशवीत टाकून ठेव आठवणीनं. नाहीतर ऐन वेळी शोधाशोध."

"माझा रिपोर्ट?"

"तुझाच की. तू टाईप केलेला. कपाटातल्या वरच्या खणात आहे, विजेच्या बिलांखाली." मग त्याने मानेवरून हात फिरवला. "मी जरा केस कापून येतो. तिथे पालथं झोपवणार म्हणे. म्हणजे डोक्याचा मागचाच भाग दिसायचा सगळ्यांना. निदान तो तरी माणसासारखा असावा." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत, हसता हसता थोडा खोकत, तो चपला घालून जिना उतरून गेला.

ती ओट्यापाशी हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. तोंडाने "हो" म्हणून झालं होतं, कारण "हो" तिच्या तोंडात तयारच असायचं. पण या वेळी ते म्हटल्यावर मागे काहीतरी अडखळलं. कुठे बोलावलंय? पालथं कशाला झोपवणार? तीनेक आठवड्यांपूर्वी तो खोकल्यासाठी छातीचं स्कॅन करायला गेला होता, एवढं तिला आठवत होतं. म्हणजे तो जाणार आहे असं त्याने सांगितल्याचं आठवत होतं. जाऊन आला कधी, निघालं काय, हे आठवायला गेली तर हाताला काहीच लागेना. विसरलेली गोष्ट निदान जिभेच्या टोकापर्यंत तरी येते. ही तिथेही येईना. तिने फडकं पिळून वाळत टाकलं, हात कोरडे केले आणि कपाट उघडलं.

विजेच्या बिलांखाली लांब पांढरा लिफाफा होता. फोडलेला, पण कागद पुन्हा कडेला कड जुळवून घडी करून ठेवलेला, नवऱ्याच्या पद्धतीने. तिने तो उलगडला आणि सोळा वर्षांच्या सवयीने आधी मजकूर वाचलाच नाही. समास बघितले, आकड्यांपुढे जागा सोडली आहे ना ते बघितलं, पूर्णविराम बघितले. सगळं चोख होतं. मग नजर तळाशी डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक टायपात दोन नंबर असतात, एक बोलणाऱ्या डॉक्टरचा आणि दुसरा टाईप करणारीचा. दुसरा होता एकतीस. एकतीस म्हणजे ती. शेजारी तारीख होती, एकोणीस दिवसांपूर्वीची, आणि वेळ, दुपारी चार वाजून सहा मिनिटं. हे सगळं तपासून झाल्यावर मग ती पहिल्या ओळीवर आली, आणि पहिल्या ओळीत नवऱ्याचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पुढे वय चौपन्न. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि खालचं वाचू लागली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात दोन पूर्णांक चार सेंटिमीटरची गाठ. कडा अनियमित, काटेरी. मधल्या भागातल्या दोन ग्रंथी वाढलेल्या. नमुना काढून ताबडतोब तपासणी करावी. ती काही डॉक्टर नव्हती, पण ऐकून ऐकून पोपटालाही चार शब्द येतात. गाठ हा शब्द तिने हजारो वेळा टाईप केला होता आणि गाठ म्हटल्याने तिचं काही बिघडत नसे. गाठी गोल असतात, गुळगुळीत असतात, वर्षानुवर्षं गप्प बसतात. तिला थांबवलं ते 'काटेरी' या शब्दाने. डॉक्टर हा शब्द उच्चारताना आवाज जरा खाली नेतात, हे तिच्या कानांना माहीत होतं. आणि 'ताबडतोब' हा शब्द ते उगाच वापरत नाहीत. सव्वाशे रिपोर्टांमध्ये एखाद्याला तो मिळतो. एकोणीस दिवसांपूर्वी तो तिच्या नवऱ्याला मिळाला होता, तिच्याच बोटांतून, आणि त्यानंतर ती उठून भाजी चिरायला गेली असणार.

तिला आधी आशा वाटली ती काहीतरी चूक झाली असण्याची. डाव्याचं उजवं झालं असेल, दशांशचिन्ह एका घराने सरकलं असेल, दुसऱ्याच कुणाचा मजकूर या नावाखाली गेला असेल. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःची चूक असावी म्हणून जीव तोडून शोधली. कागद खिडकीपाशी नेऊन ओळीवर बोट ठेवत शोधली. सापडली नाही. बाई कामाला चोख होती ना.

काम तसं सांगायला सोपं. सात दवाखान्यांतले डॉक्टर फोटो बघत बघत यंत्रात बोलायचे, ते आवाज हिच्या कानात यायचे आणि बोटांतून कागदावर उतरायचे. दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं. पहिल्या वर्षी तिला रात्र रात्र झोप लागत नसे. कुणाची सात वर्षांची पोर, कुणाचा मोडलेला कणा, कुणा म्हातारीच्या पोटात भलतंच काही. ती मधेच थांबायची, डोळे पुसायची, पुन्हा सुरू करायची, आणि एकदा व्हायचं तेच झालं, डाव्या मूत्रपिंडाचं उजवं झालं. वेळेवर कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हा हेडबाईंनी तिला आपल्या टेबलापाशी बोलावलं. हेडबाई म्हणजे त्या खात्यातल्या सगळ्यांत जुन्या, जाड भिंगांच्या, गालात कायम एक खडीसाखरेचा खडा ठेवलेल्या. रागावल्या नाहीत. "तुला वाटतं तू माणसं टाईप करतेस," त्या म्हणाल्या, "म्हणून हे असं होतं. हे बघ, कान आणि बोटं. मधे डोकं आणायचं नाही. डोकं आलं की दया येते, दया आली की हात चुकतो, आणि हात चुकला की बिचारा तो मरतो. तुला दयाच करायची आहे ना? मग बिनचूक टाईप कर, हीच दया." यात खोटं काय होतं? आजही तिला त्यात काही खोटं सापडलं नसतं. ती शिकली. दोन वर्षांत अशी शिकली की डॉक्टर कानात बोलत असायचे, बोटं चालत असायची आणि ती मात्र मुलीच्या गणवेशाची शिवण उसवली आहे तिथे, नाहीतर उद्याच्या डब्यापाशी, नाहीतर कुठेच नसायची. तिच्याच आडनावाची माणसंही महिन्याला पाच-सहा निघत. पहिल्यांदा ती दचकायची. मग दचकणं हळूहळू विरून गेलं, आणि ते गेलं त्या वर्षी तिला बढती मिळाली.

पुढे कंपनीने ऑफिसच बंद केलं आणि सगळ्यांना काम घरी दिलं, तेव्हा काय आनंद झाला होता! आता घर आणि काम दोन्ही एका छपराखाली, जाण्यायेण्याचा वेळ वाचणार, तो घरच्यांना मिळणार. मुलगी तेव्हा अजून इथेच होती, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली नव्हती. वाचलेल्या वेळात कंपनीने आणखी दोन दवाखाने घातले, ही गोष्ट वेगळी. अडगळीची खोली रिकामी केली. नवरा लाकूडकामाच्या कारखान्यात फोरमन. दुसऱ्याच्या घरांना जन्मभर दारं केली, आता बायकोला एक करतो म्हणाला आणि तीन रविवार खपून त्याने त्या खोलीला दार केलं. जाड, दुपदरी, आत भुसा दाबून भरलेलं, कडांना लोकरी कापडाच्या पट्ट्या. "माझा खोकला तुझ्या डॉक्टरांच्या मधे मधे नको यायला," तो म्हणाला होता. खोकला तेव्हाही होता. कारखान्यातले सगळेच खोकतात, भुशाचा खोकला म्हणतात त्याला, कुणी मनावर घेत नाही. दार फारच उत्तम झालं. कुठल्याशा गावातला एखादा डॉक्टर बोलता बोलता घोटभर पाणी प्यायला तर तिला ऐकू यायचं. डॉक्टर खोकला तर ती टाईप करायची थांबायची आणि त्याचं आटपेपर्यंत वाट बघायची. बाहेरचा खोकला तिने पाच वर्षांत ऐकला नव्हता.

ती उठून त्या खोलीत गेली. रविवारची अर्धी पाळी सुरू व्हायला वेळ होता, तरी तिने यंत्र लावलं आणि त्या तारखेची फाईल शोधली. तिला तो आवाज ऐकायचा होता. कुठला डॉक्टर होता, 'काटेरी' म्हणताना थांबला होता का, नाव घेताना घाई केली होती का, एवढं तरी कळलं असतं. पडद्यावर आलं की पंधरा दिवसांपेक्षा जुने आवाज जागा करण्यासाठी पुसून टाकण्यात आले आहेत. मजकूर होता, आवाज नव्हता. त्या दिवसाची तिच्या कामाची तपासणी मात्र होती. एकशे अठरा रिपोर्ट, एकही चूक नाही, शेरा: उत्तम. ती त्या शेऱ्याकडे बघत बसली. तिला स्वतःची शिसारी आली, आणि शिसारी येतानाही नजर सवयीने शेऱ्यानंतर पूर्णविराम आहे का ते बघून आली.

मग तिला दुसरं सुचलं, आणि ते सुचल्यावर खुर्चीत बसवेना. चार वाजून सहा मिनिटं. त्या दिवशी चार वाजता ती कुठे होती हे तिला नक्की माहीत होतं, कारण चार वाजता ती रोज एकाच ठिकाणी असायची.

दीड महिन्यापूर्वी कंपनीने सगळ्यांसाठी एक पाठ ठेवला होता, काम आणि घर यांचा तोल कसा साधावा आणि प्रत्येक क्षण सजगपणे कसा जगावा यावर. हजेरी सक्तीची. पडद्यावर एक हसतमुख बाई आली. तिने प्रत्येकाला हातात एक मनुका घ्यायला सांगितला, त्याच्या सुरकुत्या बघा, त्याचा वास घ्या, घाई करू नका, पूर्ण दोन मिनिटं तोच एक मनुका खा. हिने तो तोंडात टाकून गिळला आणि पडद्यावरच्याच दुसऱ्या खिडकीत अडकलेले तीन रिपोर्ट मोकळे केले. शेवटी दहा प्रश्न होते, हिला दहापैकी दहा. तरीही ती कामसू बाई, सांगितलेलं अंगावर घेणारी. एक गोष्ट तिने उचललीच. रोज चार वाजता यंत्र बंद करायचं, पाच मिनिटं घरच्या माणसाजवळ जाऊन बसायचं, डोळे मिटायचे, श्वास आत, श्वास बाहेर, मोजायचे. नवऱ्याची पाळी तीनला सुटायची, साडेतीनला तो घरी. चारला तो गॅलरीत बसलेला असायचा. ही चहाचे दोन कप घेऊन जायची, शेजारच्या खुर्चीत बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "बरं आहे, नुसतं बसते." नंतर त्याने विचारलं नाही. तोही नुसता बसायचा. पाच मिनिटांत साधारण पंच्याहत्तर श्वास होतात. गजर वाजला की ती कप उचलून आत जायची, आणि खरं सांगायचं तर तिला छान वाटायचं. हलकं वाटायचं. वाटायचं, आपण वेळ देतो आहोत.

म्हणजे त्या दिवशी चारपासून पाच मिनिटं ती त्याच्या शेजारी बसली होती. सकाळी तो स्कॅन करून आलेला, छातीत काय निघेल या विचारात असणार. तिच्यापासून हातभर अंतरावर तो श्वास घेत होता आणि ती मोजत होती, ते स्वतःचे. चार वाजून पाच मिनिटांनी ती उठली. सहाव्या मिनिटाला तिने त्याच्या उजव्या फुप्फुसातली गाठ टाईप केली.

हे तिला रडून मोकळं होण्यासारखं नव्हतं. रडणं जवळपासही येईना. ती स्वयंपाकघरात गेली, कुकर चढवला, पुन्हा येऊन कागद हातात घेतला. गेल्या एकोणीस दिवसांतला एकेक दिवस ती काढून बघू लागली. मंगळवारी तो जेवला किती? खोकल्यातून रक्त पडत होतं का? वजन उतरलंय का? शर्ट गळ्यापाशी सैल वाटतो आहे असं आज सकाळी तो छताकडे बघत असताना दिसलं खरं, पण ते आज. परवाचं काय? तिला कंपनीने परवा पाठवलेला नवा नियम तोंडपाठ येत होता, आकड्यानंतर एकक लिहिताना जागा सोडावी. नवरा परवा काय बोलला यातलं एक वाक्य येईना. माणसाला काही झालं तर ते तहानभुकेसारखं कळावं, निदान आपल्या माणसाचं, असं ती आजवर मानून चालली होती. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआपच मानून चालली होती. आणि हा बाबा हसत केस कापायला गेला होता. हसत. तेच तिला टोचत होतं. काटेरी गाठ असलेला, दोन ग्रंथी वाढलेल्या, 'ताबडतोब' मिळालेला माणूस असा हसत जिना उतरतो? मग एक तर तो फार धीराचा होता, किंवा त्याला माहीत नव्हतं.

त्याला माहीतच नसेल तर सांगायचं का? तिच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. उद्या साडेनऊला डॉक्टर आहेतच. सांगणं हे त्यांचं काम, त्याचा त्यांना पगार आहे. नमुना काढल्याशिवाय खात्रीने कुणी काही म्हणू शकत नाही, मग आपण कोण? आजचा एक दिवस, आजची एक झोप त्याला सुखाची मिळू दे. चार घास नीट जातील. आपण फक्त उद्या बरोबर जायचं, सुट्टी टाकायची, हात धरायचा. हे सगळं इतकं समंजस होतं, इतकं मायेचं होतं की तिला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच कळणार नव्हती. तिने वाचलंच नव्हतं, ही. ती कायमची झाकली गेली असती. माया होतीच, पण मायेच्या पदराखाली ती स्वतःच दडून बसली होती. कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला, आणि खोलीत जाऊन आजच्या पाळीची रजा टाकली. कारण विचारणाऱ्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी तिने लिहिलं, घरी आहे.

नवरा आला तेव्हा बारा वाजून गेले होते. केस फारच बारीक कापले होते, मान पोरासारखी दिसत होती, हातात फ्लॉवरचा गड्डा. "न्हाव्यानं आज मला लुटलं," तो म्हणाला. "म्हणाला साहेब, दवाखान्यात जाताय तर मालिश घ्याच. घेतली. पुढच्या वेळी आधी माझ्या बायकोला विचार म्हटलं, परवानगी तिची लागते." त्याने फ्लॉवर ओट्यावर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? आज पाळी नाही का?"

"अहो, जरा बसा."

तो बसला. ती समोर बसली. मधे टेबलावर लिफाफा.

"तुम्ही वाचला होता का हा?"

"मी? मला त्यातलं काय ओ का ठो कळतंय?" तो म्हणाला. "काउंटरवर घेतला तेव्हा खाली तुझा नंबर दिसला, एकतीस. त्या काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, हा नंबर म्हणजे आमच्या घरचाच बरं का. तर ती म्हणते, मग काका तुम्हाला काय चिंता, तुमचा डॉक्टर घरातच आहे." सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"आणि खरे डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, एक तुकडा काढून तपासू, या आठवड्यात येऊन जा. ते बोलतात फार भरभर. म्हटलं घरी विचारून सांगतो. मग तुला विचारलं."

"कधी विचारलं?"

"कधी म्हणजे? दुसऱ्या दिवशी, रिपोर्ट आणल्यावर. तुझ्या दारात उभं राहून." तो आता जरा नवलाने बघत होता. "म्हटलं, तू वाचलास ना हा? तू मान हलवलीस. म्हटलं, घाबरण्यासारखं काही नाही ना? म्हणालीस, नाही हो. मग म्हटलं शाळेच्या बाकांची ऑर्डर आहे, ती उरकून गेलं तर चालेल का, दोन-अडीच आठवडे? तू म्हणालीस चालेल. म्हणून तर उद्याची तारीख घेतली."

ती शोधत होती. दार, दारात तो, हातात लिफाफा, आपण मान वळवलेली. कानात कुणाचा तरी गुडघा किंवा कुणाची तरी कवटी असणार. चित्र उभं राहत होतं, पण ते आत्ता त्याने सांगितलं म्हणून. तिच्याकडे त्याचं काहीच नव्हतं. नाही हो. चालेल. हे शब्द तिचेच होते, ती ते दिवसातून वीस वेळा म्हणायची.

"आणि मग तू रोज चारला येऊन बसायला लागलीस," तो म्हणाला. "आधीही बसायचीस, पण मी नंतरच बघायला लागलो. तू डोळे मिटून बसायचीस ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघायचो. काही वेळा रात्री भीती वाटायची मला, नाही असं नाही. छातीत काय काय असतं. मग म्हणायचो, तिने स्वतः टाईप केलंय, तिला सगळं ठाऊक आहे, आणि बघ कशी निवांत बसते. हिचा चेहरा असा आहे तोवर आपल्याला काही होत नाही."

गॅलरीतून खालच्या मजल्यावरचं भांडी घासणं ऐकू येत होतं. ती अजूनही गप्प बसू शकली असती. तो उठला असता, हात धुऊन जेवायला बसला असता. 

"मी वाचला नव्हता," ती म्हणाली.

"तुझा नंबर..."

"टाईप केला. वाचला नाही. आज सकाळी तुम्ही गेल्यावर वाचला. तुमचं नाव टाईप केलं मी, आणि मला कळलं नाही."

"पण मी विचारलं तेव्हा..."

"ऐकलं नव्हतं. तुम्ही काय विचारलंत ते मला आत्ता कळतंय. तुम्ही आला होतात हेही मला आठवत नाही."

मानेवर चिकटलेले बारीक केस बोटांनी एकेक करून काढून त्याने टेबलाच्या कडेला ठेवले. असे पाच-सहा झाले. मग विचारलं, "मग चारला तू इतकी शांत असायचीस ती?"

"मी शांत नव्हते," ती म्हणाली. "मी तिथे नव्हतेच."

आता तो ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. बत्तीस माणसांवर ओरडण्याचा त्याला पगार मिळत होता. पण तो नुसता बसून राहिला, हात मांडीवर, नवी मान जरा पुढे काढून. त्याचा चेहरा तिने खूप दिवसांनी बघितला. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि डाव्या भुवईत एक लांब पांढरा केस होता, तो कधी आला कोण जाणे. तो एकदा खोकला. तिने तो खोकला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. कोरडा सुरू झाला, मधे कशात तरी अडकला, आणि मग खोल जाऊन थांबला.

"म्हणजे एकोणीस दिवस मी एकटाच होतो," तो म्हणाला. रागाने नव्हे. एखादं माप चुकलं होतं ते आता जुळलं, अशा आवाजात.

"हो."

"काय आहे त्यात?"

तिने कागद उलगडला आणि वाचायला लागली, तशी दुसऱ्याच ओळीला तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तो डॉक्टरांचा आवाज होता, सपाट, पळता, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात दोन पूर्णांक चार. त्याने हात पुढे करून कागदावर पंजा ठेवला. तो पंजा रुंद होता, दोन नखं काळीनिळी.

"असं नको," तो म्हणाला. "असं ते डॉक्टरही बोलले होते. वाईट आहे ना?"

"वाईट असू शकतं. ताबडतोब या असं लिहिलंय. मी त्या दिवशी वाचलं असतं तर तुम्हाला ओढत नेलं असतं."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग पंजा उचलला.

"आत्ता आहेस ना इथे?"

"आहे."

"मग पहिल्यापासून वाच. सावकाश. मला कळेल असं, आणि काही गाळू नकोस."

तिने खुर्ची ओढून त्याच्या बाजूला घेतली. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. ते तिने मोठ्याने वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि पुढच्या ओळीकडे जाण्याआधी थांबून त्याच्याकडे बघितलं.

"हं," तो म्हणाला. "ऐकतोय."